फॉरमॅट मारण्याआधी

प्रश्न : आमच्या घरात सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर आहे, विंडोज ११चा. रविवारी रात्री मुलानं 'अपडेट अँड शट डाउन' दाबलं आणि झोपायला गेला. सकाळपासून मशीन धड सुरूच होत नाही. 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' असं येतं, गोल चक्र फिरतं, निळी स्क्रीन येते, की पुन्हा पहिल्यापासून. भाचा म्हणतो, फॉरमॅट मारू, अर्ध्या तासाचं काम आहे. पण सासऱ्यांनी तीन वर्षं बसून टाइप केलेल्या आठवणी त्यात आहेत आणि दुसरी प्रत कुठेच नाही. ते तोंडानं काही बोलत नाहीत, पण दिवसातून चार वेळा त्या खोलीत डोकावून जातात. काय करू?

उत्तर : ताई, भाच्याला म्हणावं, जरा दम धर. ते अर्ध्या तासाचं काम मीही एकदा केलंय. आयुष्यभर ऑफिसातली मशीनं दुरुस्त केली, आणि घरच्या मशीनवर मात्र 'महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्येच असतं' असं समजून सी उडवला. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, माझा प्रोजेक्ट डेस्कटॉपवर होता." डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे मी दिवसभर लोकांना सांगत असे.

मशीन बसलंय याचा अर्थ आठवणी गेल्या असा नाही. बिघाड बहुधा विंडोजच्या स्वतःच्या फायलींत असतो, तुमच्या फायली शेजारी शाबूत असतात. म्हणून आधी त्या बाहेर काढायच्या, दुरुस्ती नंतर.

एक गोष्ट सगळ्यात आधी. मशीनला कान लावा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि आतून ठराविक लयीत टक्-टक् आवाज येत असेल, तर बटण बंद करा आणि माझं पुढचं काहीही करू नका. ती डिस्कच जायला आलीय. प्रत्येक वेळी सुरू केल्यानं ती आणखी खराब होईल. ती डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. अशा वेळी अपडेट नुसतं निमित्त असतं. एका रात्रीत डिस्कवर एवढी लिहा-पूस होते की आधीपासूनचं दुखणं तेव्हाच बाहेर पडतं. मुलाला निर्दोष सोडा.

आवाज नसेल तर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, जे जे जोडलंय ते काढा. कीबोर्ड आणि माउस राहू दे. त्या निळ्या स्क्रीनवर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असेल. नसेल तर विंडोज सुरू होता होता पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून बंद करा; असं दोन-तीनदा केलं की ती स्क्रीन आपणहून येते. आत 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'कमांड प्रॉम्प्ट'.

इथे कदाचित ४८ आकड्यांची 'रिकव्हरी की' मागेल. घाबरू नका, तुमची डिस्क कुलूपबंद आहे एवढंच. मशीनवर ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करता, तेच मोबाइलवर उघडा. घरगुती मशीनची की बहुधा तिथेच साठवलेली असते. ती मिळाल्याशिवाय मात्र रिसेट, फॉरमॅट कशालाही हात लावू नका.

कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली की इंग्रजीत 'नोटपॅड' टाइप करून एंटर दाबा. हसू नका, नोटपॅडच. त्यात 'फाइल', मग 'ओपन'. खालच्या खणात 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नुसत्या टेक्स्ट फायली दिसतील आणि सगळं गेलं म्हणून तुमचा धीर सुटेल. आता पेन ड्राइव्ह लावा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी कदाचित डी म्हणून दिसेल. 'यूजर्स' फोल्डर, त्यात घरातल्या ज्याच्या-त्याच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. सासऱ्यांचं फोल्डर राइट क्लिक करून कॉपी करा, पेन ड्राइव्हवर पेस्ट करा. किती झालं, किती राहिलं याची पट्टी इथे दिसत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटेल. वाट पाहा. झालं की पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावून फायली प्रत्यक्ष उघडून बघा, नुसती नावं बघू नका.

सासऱ्यांनी एखाद्या जुन्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी अशी अक्षरांची पद्धत) नसलेल्या मराठी फाँटात टाइप केलं असेल, तर दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. फाइल बिघडलेली नाही, तिथे तो फाँट नाही. म्हणून विंडोज फोल्डरातलं 'फाँट्स' हेही फोल्डर उचलून ठेवा. हे हमखास विसरलं जातं.

आता दुरुस्ती. त्याच 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. आधी 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' काढून बघा. दर महिन्याला येतं ते हे. मोठं, वर्षाकाठी येणारं 'फीचर अपडेट' झालं असेल तर तेही काढता येतं, पण साधारण दहाच दिवस. नंतर विंडोज जुन्या फायली टाकून देतं. यानंही भागलं नाही तर 'सिस्टम रिस्टोअर', म्हणजे विंडोजला आधीच्या एखाद्या दिवसाच्या स्थितीत परत नेणं. अगदीच नाइलाज झाला तर 'रिसेट', त्यात 'कीप माय फाइल्स' निवडून. फायली राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्राम सगळे जातात.

प्रश्न : (त्याच पत्रात) मग अपडेट कायमचं बंदच करून टाकू का?

उत्तर : नको. सुरक्षेच्या फटी त्यातूनच बुजवल्या जातात. पण आल्या दिवशीच घ्यायलाही हवं असं नाही. मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं. सेटिंग्जमध्ये 'पॉज' करून मी आठवडाभर थांबतो, तोवर काही गडबड असली तर बोभाटा होतो. २०१८च्या ऑक्टोबरात विंडोज १०चं मोठं अपडेट काहींच्या फायली नाहीशा झाल्यामुळे कंपनीला थांबवावं लागलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. सासऱ्यांच्या आठवणींची एक प्रत मशीनबाहेर ठेवायचीच, ते वेगळं.

यातल्या एखाद्या पायरीवर अडलात, तर स्क्रीनवरच्या अक्षरांचा फोटो काढून पाठवा. नुसतं 'एरर येतेय' असं कळवलंत तर मला इथून काही उमगायचं नाही.