पोलिस आणि रहिवाशांची सल्लागार समिती केली तर खरंच विश्वास वाढतो का?

वाढतो, पण समितीत कोण बसतं आणि त्यांना काय बघायला मिळतं यावर सगळं आहे. बहुतेक वेळा साहेबांच्या ओळखीचेच लोक घेतात, ज्यांचं पोलिसांशी आधीपासून छान जमतं, आणि ज्या पोरांना रस्त्यात सारखं अडवून झडती घेतात त्यांच्या घरचं कुणीच नसतं, मग मीटिंग म्हणजे नुसती भाषणं नि फोटो. लंडनला 1981 मध्ये ब्रिक्स्टन भागात पोलिसांविरुद्ध दंगल झाली, तिच्या सरकारी चौकशीच्या स्कारमन अहवालाने पोलिसांना लोकांशी बोला म्हणून सांगितलं, पोलिसांच्या अधिकारांवरच्या 1984 च्या कायद्यात ते आलंही. पण मत घ्या असं लिहिलं म्हणजे ऐकलंच असं थोडीच होतं!

माझ्या मते खरी गोष्ट एकच, झडत्या, तक्रारी, बळाचा वापर यांचे आकडे समितीसमोर ठेवा आणि मागच्या वेळच्या मुद्द्यांचं काय झालं ते लेखी सांगा, नाही जमलं तर का नाही तेही. शिकागोत 1993 पासूनच्या बीट मीटिंगांमध्ये (बीट म्हणजे गस्तीचा छोटा भाग, तिथल्या रहिवाशांची नि पोलिसांची बैठक) त्याच भागात गस्त घालणारे पोलिस येतात, ते बरं, कारण रोज तोंड त्यांचंच बघायचं असतं. आणि हो, सगळं लिहून ठेवा, अधिकाऱ्याची बदली झाली की परत शून्यापासून सुरू होतं.