जुन्या ॲम्बेसेडरचं ऑइल प्रेशर सिग्नलला १० पीएसआयवर येतं, इंजिन उघडावं का?

तुमची गाडी १९८६ची पेट्रोल ॲम्बेसेडर, त्यात नंतर बसवलेला इलेक्ट्रिक ऑइल प्रेशर मीटर. सकाळी चालू करताच काटा ६० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक), वर्धा रोडवर ४०च्या आसपास, आणि मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभं राहिलं की ८ ते १०. इंजिनाचा आवाज नाही, पण मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलं, इंजिन बांधावं, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जुळवावं लागेल. तुम्ही विचारताय, खरंच का?

एवढ्यावरून इंजिन उघडू नका. हे आकडे वाईट नाहीत, आणि ते खरे आहेत की नाही हेही अजून कुणी तपासलेलं नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि बेअरिंगमधल्या बारीक फटीतून निघताना अडतं, त्या अडण्यामुळे प्रेशर तयार होतं. म्हणून काटा एकाच वेळी तीन गोष्टी सांगत असतो: इंजिन किती फिरतंय, ऑइल किती पातळ झालंय आणि फट किती वाढलीय. यातल्या दोन माहीत असल्याशिवाय तिसरीबद्दल बोलता येत नाही. तुमच्या मेकॅनिकने नुसता काटा पाहून थेट तिसरीवर बोट ठेवलंय.

आपल्याकडे ऑइलचं पातळ होणं हीच मोठी बाब आहे. २०डब्ल्यू-५० ऑइल १०० अंशांना पोहोचलं की ४० अंशांच्या तुलनेत त्याचा घट्टपणा साधारण आठवा-नववा भाग उरतो. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांची. सिग्नलला चेंबरवरून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीवरून, वारा जात नाही, इंजिन ७००-८०० आरपीएमवर, पंप हळू फिरतोय. काटा सगळ्यात खाली दिसायची वेळ तीच. जानेवारीच्या सकाळी हीच गाडी त्याच चौकात २०-२५ दाखवेल, आणि तेवढ्याने बेअरिंग नवीन झालेलं नसेल.

फटीचं गणित मात्र निर्दय आहे. गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.०५ मिमीची फट ०.०७५ झाली, म्हणजे फक्त दीडपट, तरी ऑइल सव्वातीनपटीहून जास्त निसटतं. त्यामुळे झीज खरी असेल तर ती आधी गरम इंजिनाच्या इडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) दिसते, रस्त्यावर नंतर. सकाळच्या ६०चा बेअरिंगशी फारसा संबंध नाही. तिथे ऑइल घट्ट असतं आणि आकडा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा प्रेशर सोडून देणारी झडप, ठरवतो.

आता मीटर. इलेक्ट्रिक मीटरवर इतक्या मोठ्या निर्णयासाठी विश्वास ठेवू नका. इंजिनावर बसून मीटरला प्रेशर कळवणारा सेंडर एका वायरचा असेल तर त्याचं अर्थिंग त्याच्या बॉडीतून, म्हणजे आट्यांमधून होतं. बसवणाऱ्याने आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर अर्थ कमजोर होतो आणि काटा चुकीचं बोलतो. टेप काढा, आटे वायरब्रशने घासा, गरज असेल तर कॉपर वॉशर वापरा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचाही आधार घेऊ नका. त्याचा स्विच साधारण ५ पीएसआयच्या आसपास चालतो, म्हणजे दिवा विझला याचा अर्थ एवढाच की प्रेशर शून्य नाही.

खरी तपासणी मेकॅनिकल मीटरने होते: ०-१०० पीएसआयचा, रबरी होजवाला. कधी त्यावर 'किलो' लिहिलेलं असतं. १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय. सेंडर काढून त्या जागी होज जोडा. इथे एक चूक हमखास होते. १/८ इंची बीएसपी आणि १/८ इंची एनपीटी या दोन वेगळ्या मापपद्धतींचे आटे दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण एकात इंचाला २८ आटे आणि दुसऱ्यात २७. पहिले दोन फेरे हाताने गेले आणि नंतर पाना लावून दाबावं लागलं तर थांबा, आटे चुकीचे आहेत. ब्लॉकचे आटे गेले तर दुरुस्ती मीटरपेक्षा कितीतरी महाग पडते.

जोडणी करण्याआधी गाडी सपाट जागेवर १० मिनिटं बंद ठेवून डिपस्टिक बघा आणि ऑइलचा वास घ्या. इंजिनावर मेकॅनिकल पेट्रोल पंप असेल आणि त्याचा डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं. पातळी आपोआप वाढलेली दिसते, ऑइलला पेट्रोलचा वास येतो आणि प्रेशर पडतं. मेकॅनिकने हे पाहिलं नसेल तर इंजिन बांधून झाल्यावरही तक्रार तशीच राहील. रंग दुधाळ असेल तर पाणी आत जातंय, ते दुखणं वेगळं.

मग बुटीबोरीपर्यंत जाऊन या. पाण्याच्या तापमानाचा मीटर १० मिनिटांत मधोमध येतो, पण ऑइल पूर्ण गरम व्हायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि अर्धवट गरम ऑइलवरचा आकडा निरुपयोगी. परत आल्या-आल्या होज लावा. सेंडर काढताना हातमोजे घाला, आत उकळतं ऑइल असतं. ८००, २००० आणि ३००० आरपीएमला आकडे लिहा. ढोबळ नियम दर हजार आरपीएमला १० पीएसआय. तुमचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं, त्यात रस्त्यावर ५०च्या आसपास आणि गरम इडलिंगला १५-२५ म्हणजे तब्येत उत्तम. इडलिंगला ८-१० आणि २०००ला ३५-४० म्हणजे वय झालंय, पण चालतंय.

आरपीएम वाढवल्यावर काटा वर जाऊन पुन्हा खाली येत असेल तर चेंबरमधली जाळी तुंबलीय किंवा पंप हवा ओढतोय. वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा पडत असेल तर ऑइल कमी आहे. थंड इंजिनालाही ३०च्या वर जात नसेल तर संशय बेअरिंगवर नाही, रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंपावर घ्या.

रिलीफ व्हॉल्व्हबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथेच लोकांचे पैसे जातात. ॲम्बेसेडरमध्ये तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मागच्या अंगाला, घुमटासारख्या नटाखाली असतो. आत स्प्रिंग आणि प्लंजर. प्लंजर काढून प्रकाशात फिरवा: त्याच्या टोकाला बसकणीचं गोल वर्तुळ अखंड दिसलं पाहिजे. तिथे चरा असेल किंवा कचऱ्याचा कण अडकला असेल तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि इडलिंगचं प्रेशर तिथूनच गळतं. तो साफ करणं, खराब असेल तर बदलणं, हे सगळ्यात स्वस्त काम आहे, ते आधी करा. पण स्प्रिंगखाली वॉशर घालून 'प्रेशर वाढवून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. इडलिंगला प्रेशर इतकं कमी असतं की चांगला व्हॉल्व्ह बंदच असतो. स्प्रिंग कडक केल्याने फक्त सकाळचे ६० हे ८० होतील आणि फिल्टरच्या सीलवर ताण येईल. घट्ट ऑइल ट्रीटमेंटच्या डब्याचंही तेच, काटा चढतो पण फट तेवढीच राहते. २०डब्ल्यू-५० या गाडीला योग्य आहे. ५डब्ल्यू-३० घातलं असेल तर ते मात्र काढा.

खऱ्या मीटरवर गरम इडलिंगला ५च्या खाली, किंवा २०००ला २०च्या खाली आलं, किंवा खालून ठोका ऐकू आला, तरच चेंबर उतरवा. तेव्हाही इंजिन गाडीतून काढायची घाई नको. खालून एकेक बिग एंड कॅप (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरून ठेवणारं झाकण) काढून बेअरिंगचं कवच बघता येतं. वरचा राखाडी थर जाऊन तांबूस रंग दिसला तर ते संपलं. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग, मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा, ०.०५ मिमीच्या आसपास अंडाकार झाला असेल तर नवीन कवच घालून भागणार नाही, क्रँक ग्राइंडिंग करून अंडरसाइझ बेअरिंग लागेल. आणि इंजिन बांधायचंच ठरलं तर कॅमशाफ्टची बेअरिंग आणि रॉकर शाफ्ट मोजल्याशिवाय बांधू देऊ नका. ऑइल तिथूनही निसटतं, आणि फक्त क्रँकचं काम केलेल्या इंजिनात इडलिंगचं प्रेशर मनासारखं येत नाही ते बहुतेक याचमुळे.

चालत्या गाडीत काटा अचानक शून्यावर आला किंवा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा आणि डिपस्टिक बघा. 'सेंडरच खराब असेल' असं समजून घरापर्यंत चालवू नका. ऑइल नसलेलं बेअरिंग दोन-तीन मिनिटांत क्रँकला धरतं.