15,345 किमी भागिले 900 म्हणजे 17 तास, मग तिकिटावर पावणेएकोणीस कसे?

तुमचा प्रश्न असा की सिंगापूर ते न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं अंतर साइटवर 15,300 च्या वर दाखवतंय, विमान ताशी 900 नं जातं, म्हणजे 17 तास, मग नॉनस्टॉपच्या तिकिटावर पावणेएकोणीस का. भागाकार बरोबरच आहे तुमचा. फक्त ते अंतर विमानाच्या रस्त्याचं नाहीये, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर जेवढा लागेल तेवढं आहे.

आणि ही जोडी तर हातानं गणित करून बघायला भारी आहे. सिंगापूर 104 पूर्व रेखांश, जेएफके 74 पश्चिम, बेरीज 178, म्हणजे दोन्ही शहरं उत्तर ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना, त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाला चाटून जातो! सिंगापूरपासून ध्रुव 88.6 अंश, तिथून जेएफके 49.4, एकूण 138, अंशाला 111.2 किमी धरून गुणा, 15,345 येतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून बसलात तर हे डोक्यातसुद्धा येणार नाही.

पण विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. 10-12 किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वाऱ्याचा जोरदार पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, जोरात असला तर ताशी 200-300 किमीनं, म्हणून बऱ्याचदा पॅसिफिकवरून लांबचा वळसा घेऊन वारा पाठीशी घेतलेला परवडतो, आणि वारा रोज बदलतो म्हणून रस्ताही बदलतो. शिवाय तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच, गेटवरून मागे ढकलल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात टॅक्सी (म्हणजे गेट ते रनवे विमान जमिनीवरून चालवत नेणं), रनवेवरची रांग, चढणं-उतरणं (तेव्हा कुठला आलाय 900 चा स्पीड) आणि कंपनीनं लेट मार्क लागू नये म्हणून ठेवलेला थोडा जादा वेळ.

घड्याळाचं मात्र वेगळं मांडा, सगळे तिथेच फसतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या 13 तास मागे, उन्हाळ्यात 12, कारण घड्याळं फक्त न्यूयॉर्कवाले पुढेमागे करतात. समजा हिवाळ्यात सिंगापूरहून सोमवार उजाडता रात्री 12 ला निघालात, 18 तास 45 मिनिटं मिळवा, 13 वजा करा, सोमवारीच पहाटे 5:45 ला न्यूयॉर्कमध्ये. येताना उलटं, सोमवारी रात्री साडेदहाला निघून पोचायला थेट बुधवार सकाळ, मंगळवार जवळजवळ अख्खा विमानातच. मी पहिल्यांदा असल्या फ्लाइटनं परतलो तेव्हा मंगळवारचं हॉटेल बुक करून बसलो होतो, पैसे गेले. तेव्हापासून बुकिंग करताना पोचायच्या वेळेशेजारचं ते बारीक +2 (म्हणजे निघाल्यापासून दोन तारखा पुढे) आधी बघतो.