मॅकबेथ उभा करणाऱ्या तरुण नटास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातली मॅकबेथची भूमिका तुझ्याकडे आली याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र चेटकिणींनी भुलवले, बायकोने भरीस घातले आणि एक भला माणूस वाया गेला, असे जे तू लिहिले आहेस, तेच मनात धरून रंगमंचावर गेलास तर ही भूमिका तुझ्या हातून निसटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश पुन्हा वाच. तू कॉडरचा सरदार होशील आणि पुढे राजा होशील, एवढेच चेटकिणी त्याला सांगतात; गादीवरच्या राजा डंकनला मारावे असा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघत नाही. सरदारकी खरोखरच मिळाल्याची वार्ता येते आणि त्या क्षणी खुनाचे चित्र त्याच्या स्वतःच्या मनात उमटून अंगावर काटा उभा राहतो. त्याच माळरानावर त्याचा सोबती सरदार बँकोही उभा आहे आणि त्याच्या वंशाला राज्य मिळेल असे भाकीत त्यानेही ऐकले आहे. पण काळोखातल्या शक्ती किरकोळ गोष्टींत खरे बोलतात आणि मोठ्या गोष्टीत घात करतात, हे तो तिथल्या तिथे बोलून दाखवतो.

शेक्सपिअरने १६०६ च्या सुमारास हे नाटक लिहिताना होलिन्शेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीतून कथा घेतली. त्या बखरीत डंकन हा मवाळ, दुबळा राजा आहे, मॅकबेथचे त्याच्याविरुद्ध खरेखुरे गाऱ्हाणे आहे, बँको कटात सामील आहे आणि राजा झाल्यावर मॅकबेथ बरीच वर्षे चांगला कारभार करतो. नाटककाराने यातली एकेक सबब काढून घेतली. बँकोला निर्दोष करण्यामागे, त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर असलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, हेही कारण असणार. पण परिणाम असा झाला की मॅकबेथपाशी स्वतःच्या इच्छेखेरीज दुसरे काही उरलेच नाही.

आता पहिल्याच अंकाच्या सातव्या प्रवेशाकडे ये. तुझी खरी परीक्षा इथे आहे. इन्व्हर्नेसच्या वाड्यात राजाची पंगत बसली आहे, नोकर ताटे आणि मशाली घेऊन जात आहेत, आणि यजमान मात्र पानावरून उठून बाहेर एकटा उभा आहे. मी याचा आप्त आहे, याचा सेवक आहे, आणि आज तर हा माझ्या घरचा पाहुणा आहे. मारेकऱ्याला दार बंद करायचे ते मी, सुरा मी कसा धरू, हे तो स्वतःशीच बोलतो. राजा सौम्य आहे, निष्कलंक आहे, हेही त्याला मान्य आहे. माझ्या इराद्याच्या घोड्याला टाच मारावी असे माझ्यापाशी दुसरे कारण नाही, केवळ महत्त्वाकांक्षा आहे, आणि ती अशी उडी घेते की घोड्याच्या पलीकडे जाऊन पडते, असे म्हणणाऱ्या माणसाला कोणी फसवले असे कसे म्हणावे? बायको येते तेव्हा 'आता यापुढे जायचे नाही' असे तो तिला स्पष्ट सांगतो. आणि प्रवेश संपण्यापूर्वी तोच तयार झालेला असतो. ती त्याच्या पौरुषाला टोचते हे खरे, पण तिला जे पटवायचे आहे ते त्याला आधीपासून हवेच आहे.

माझ्या मते त्याचे अधःपतन मोजायचे ते मनात आलेला विचार आणि हातून घडलेली कृती यांच्यातल्या अंतराने. डंकनच्या वेळी ते अंतर एवढे मोठे आहे की त्यात एक अख्खे स्वगत मावते, हवेत तरंगणारा खंजीर दिसतो, आणि खून झाल्यावर 'आमेन' हा शब्द घशात अडकतो. पुढे बँकोचा खून करवताना तो मारेकऱ्यांना समजावत बसतो, पण स्वतःला समजावण्याची गरज त्याला फारशी उरलेली नाही. चौथ्या अंकात तर तो ठरवूनच टाकतो की यापुढे मनात पहिले येईल तेच हाताने पहिले करायचे, आणि त्याच्याविरुद्ध गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांची कत्तल होते. त्या कत्तलीतून त्याला मिळवायचे असे काहीच नव्हते. याच ओघात बायकोही दूर पडते. पहिल्या खुनात ती बरोबरीची भागीदार होती. बँकोविषयी मात्र तो तिला लाडाने सांगतो की काम होईपर्यंत तुला काही ठाऊक नसलेलेच बरे. हे वाक्य प्रेमाने म्हण. प्रेमाने म्हटलेस तरच ते प्रेक्षकाच्या काळजाला भिडेल.

म्हणून आवाज चढवत नेऊ नकोस. पहिल्या अंकात हा माणूस भरलेला आहे, पुढे तो रिता होत जातो. पाचव्या अंकात मान, प्रेम, मित्रांचा गोतावळा, म्हातारपणी माणसाजवळ जे असावे ते आपल्याला मिळणार नाही, हे तो शांतपणे मोजतो. आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो तेव्हा भीतीची चवच आपण विसरलो असे म्हणतो. राणी गेल्याचे कळल्यावरचे स्वगत त्यानंतर येते, आणि तिथे रडू आणलेस तर ते खोटे वाटेल.

शिरवाडकरांनी १९५४ साली याच नाटकावरून केलेला 'राजमुकुट' मिळवून मोठ्याने वाच. या माणसाचे बोलणे मराठी जिभेवर कसे बसते ते कळेल.

तालमीला येताना सातवा प्रवेश पाठ करून ये. तलवार, झगा काही नको. विंगेत चारपाच जणांना जेवायला बसवू, भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज तुझ्यापर्यंत येऊ दे, आणि त्या दाराकडे पाठ करून तू बोलायला सुरुवात कर.

तुझा शुभचिंतक