हौशी खेळाडूने परदेशातील बॅडमिंटन शिबिराला जावे का?

प्रश्न : माझे वय 43 असून मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात राहतो. गेली सहा वर्षे आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत, संकुलाच्या क्लबहाऊसमध्ये दुहेरीचे सामने खेळतो. गेल्या दोन वर्षांत माझ्या खेळात काहीही सुधारणा झालेली नाही. पुढील जुलैमध्ये मी आणि माझा जोडीदार डेन्मार्कमधील आठवडाभराच्या शिबिराला जाण्याच्या विचारात आहोत. घरच्यांचे म्हणणे असे की, तेवढ्या पैशांत ठाण्यातच वर्षभर प्रशिक्षक लावता येईल. आपले मत कळवावे.

उत्तर : घरच्यांचा हिशेब चुकीचा नाही, परंतु त्यात एक गोष्ट सुटली आहे. आपल्याकडे प्रशिक्षण हे मुलांसाठी असते आणि मोठी माणसे फक्त सामने खेळतात, अशी वाटणी इतकी पक्की झालेली आहे की, ठाण्यातील कोणत्याही हॉलमध्ये सकाळी गेल्यास चाळिशीतील खेळाडू सराव करताना जवळजवळ दिसत नाहीत. चौघे जमले की थोडे हात मोकळे करायचे आणि लगेच गुण मोजायला सुरुवात करायची. सामन्यात आपण आपल्याला येणारेच फटके मारतो आणि न येणारे टाळतो, त्यामुळे सहा वर्षे खेळूनही जे येत नव्हते ते येत नाही. आपला खेळ अडकला आहे तो बहुधा याच कारणाने.

डेन्मार्कचे वेगळेपण मला येथेच दिसते. 1980 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यानंतर प्रकाश पदुकोण काही वर्षे डेन्मार्कमध्ये राहून खेळले, आणि 2016 मध्ये थॉमस चषक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, जिंकणारा पहिला युरोपीय संघ डेन्मार्कचाच होता. हे सर्वज्ञात आहे. आपल्यासारख्या हौशी खेळाडूच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे हे आहे की, तेथे लहान गावांतही सभासदांनी चालवलेले क्लब असतात आणि नोकरी-व्यवसाय करणारे प्रौढ खेळाडू संध्याकाळी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करतात. प्रौढ माणसाने शिकणे तेथे कोणालाही नवलाचे वाटत नाही. तेथील क्लबांचा हंगाम साधारण सप्टेंबरपासून वसंत ऋतूपर्यंत चालतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉल मोकळे असतात, म्हणून शिबिरे जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. आपण निवडलेला महिना त्या दृष्टीने योग्य आहे.

म्हणून माझे मत असे की, खर्च झेपत असेल तर अवश्य जावे. परंतु तेथून नवा स्मॅश घेऊन येऊ, या अपेक्षेने जाऊ नये. आठवडाभरात फटका बदलत नाही. आठवडाभरात सराव कसा करायचा हे मात्र शिकता येते, आणि ते परत आल्यावर कितीही वर्षे उपयोगी पडते. जोडीदारासह जाण्याचा आपला बेत मला यामुळेच आवडला. एकट्याने शिकून आलेल्या माणसाला ठाण्यात परतल्यावर शटल टाकणारा कोणी सापडत नाही आणि महिनाभरात तो पुन्हा सामन्यांकडे वळतो.

शिबिर निवडताना जाहिरातीवर कोणत्या नामवंत खेळाडूचे छायाचित्र आहे, याला फारसे महत्त्व देऊ नये. तो खेळाडू एखाद्या संध्याकाळी येऊन जातो. आपल्यासोबत दिवसभर जे प्रशिक्षक असतील त्यांची माहिती विचारावी. त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे एका कोर्टवर किती खेळाडू आणि किती प्रशिक्षक असतील. समजा, एका कोर्टवर आठ जण आहेत आणि एकच प्रशिक्षक एकामागून एक शटल टाकणार आहे. तर दोन तासांच्या सत्रात एकेकाच्या वाट्याला जास्तीत जास्त पंधरा मिनिटे येतील आणि उरलेला वेळ शटल गोळा करण्यात जाईल. चौघांमागे एक प्रशिक्षक असेल तर ते शिबिर चांगले समजावे. गट वयाप्रमाणे पाडले जातात की खेळाच्या दर्जाप्रमाणे, हेही लेखी विचारून घ्यावे आणि आपल्या एखाद्या सामन्याचे दहा मिनिटांचे चित्रीकरण आधीच पाठवावे, कारण ‘मध्यम दर्जा’ या शब्दाचा अर्थ ठाण्यात आणि डेन्मार्कमध्ये एकच असेलच असे नाही.

आता शरीराविषयी. या बाबतीत मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण माझ्या पाहण्यातील बहुतेक निराशा येथूनच सुरू होतात. आपण आठवड्याला साडेचार तास खेळता. शिबिरात दिवसाला अडीच-अडीच तासांची दोन सत्रे पाच दिवस झाली तर पंचवीस तास होतात, म्हणजे नेहमीच्या साडेपाच पट. मी स्वतः 41 व्या वर्षी अशाच एका शिबिराला काहीही तयारी न करता गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात मागच्या कोपऱ्यातून पुढे झेपावताना माझी पोटरी भरली आणि उरलेले दोन दिवस बाकावर बसून काढावे लागले. त्या दोन दिवसांत मी वहीत प्रत्येक व्यायामप्रकाराची आकृती काढून ठेवली आणि आज मी जो सराव करतो तो त्याच वहीतून करतो. परंतु तेवढ्यासाठी पोटरीची किंमत मोजायला नको होती. चाळिशीनंतर पोटरी आणि टाच यांना जोडणारा जाड स्नायुबंध, ज्याला अकिलीस म्हणतात, तो अचानक वाढलेला ताण सहन करत नाही. तो तुटला तर पुन्हा कोर्टवर उतरेपर्यंत अनेक महिने जातात.

त्यामुळे एप्रिलपासूनच बारा आठवड्यांची तयारी सुरू करावी. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम एक दिवसाआड करावा, खेळाचे तास दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत आठ-नऊ तासांपर्यंत न्यावेत आणि शेवटच्या महिन्यात दोन-तीन रविवारी सकाळ-संध्याकाळ अशी दोन सत्रे खेळून पाहावीत, म्हणजे थकलेल्या पायांनी दुसऱ्यांदा कोर्टवर उतरणे कसे असते हे शरीराला आधीच कळेल. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाची तक्रार असेल, अथवा घराण्यात कोणाला असेल, तर ही तयारी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रातून जाणवली. आपण सहा वर्षे क्लबहाऊसमध्ये खेळत आहात. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या हॉलला 12 मीटर उंची अपेक्षित असते. आपल्याकडील अनेक गृहसंकुलांतील छत त्याच्या निम्मेही नसते. अशा ठिकाणी खेळणाऱ्याचा उंच टॉस, म्हणजे शटल उंच उडवून मागच्या रेषेपर्यंत पोहोचवणारा फटका, तयारच होत नाही, कारण शटल छताला लागते, आणि मग तो सगळे फटके सपाट मारू लागतो. शिबिरातील उंच हॉलमध्ये पहिल्याच दिवशी हे उघडे पडते. जाण्यापूर्वी किमान दोन महिने आठवड्यातून एकदा तरी उंच छताच्या हॉलमध्ये कोर्ट घेऊन खेळावे.

परतल्यावर तीनपैकी एक सकाळ केवळ सरावासाठी राखून ठेवावी आणि जोडीदाराशी हे जाण्यापूर्वीच ठरवावे. एवढे ठरत नसेल तर घरच्यांचे ऐकून ठाण्यातच प्रशिक्षक लावणे अधिक शहाणपणाचे होईल.

प्रश्न : मी 54 वर्षांची असून नेरुळला राहते. मैत्रिणीसोबत महिला दुहेरी खेळते. आम्हाला मलेशियातील शिबिराची माहिती मिळाली आहे, पण तेथे सगळी तरुण मुले असतील आणि आमच्या वयाकडे पाहून कोणी गांभीर्याने शिकवणार नाही, अशी भीती वाटते. डेन्मार्क चांगले की मलेशिया?

उत्तर : आपण दोघींनी वयाचा विचार मनातून काढून टाकावा, असे मी अगदी मनापासून सांगतो. जागतिक बॅडमिंटन महासंघाची वरिष्ठांची जागतिक स्पर्धा 35 वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांच्या गटांत खेळवली जाते आणि त्यांत 75 वर्षांवरील खेळाडूंचाही गट असतो. ही स्पर्धा 2017 मध्ये आपल्या देशात, कोचीला झाली होती आणि 2025 मध्ये थायलंडमधील पट्टायाला झाली. त्यामुळे पन्नाशीतील खेळाडूला शिकवण्याची वेळ कोणत्याही अनुभवी प्रशिक्षकावर पहिल्यांदा येणार नाही. तरीही वर लिहिल्याप्रमाणे गट कसे पाडतात, हे विचारून घ्यावे, आणि संपूर्ण आठवडा आपल्या मैत्रिणीसोबतच जोडी राहील का, हेही. दुहेरीत दोघींनी जागा कशी बदलायची हे एकत्रच शिकावे लागते.

आपल्यासाठी मला मलेशिया अधिक सोयीचे वाटते. हवा नवी मुंबईसारखीच उष्ण आणि दमट, घड्याळातील फरक अडीच तासांचा आणि प्रवास कमी. शिवाय आपल्या खेळाचे त्या देशाशी जुने नाते आहे: सांगलीचे नंदू नाटेकर यांनी 1956 मध्ये आताच्या मलेशियातील सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. दुहेरीचे मलेशियन प्रशिक्षक तान किम हेर यांनी तर भारतीय संघासोबतच काम केले आहे. भर दुपारच्या सत्रात पाणी आणि क्षार यांची काळजी घ्यावी लागेल, परंतु ती सवय आपल्याला मे महिन्यातील नेरुळने लावलेलीच असेल.

शटलचा मुद्दाही याच्याशी निगडित आहे. पिसांच्या शटलवर 75 ते 79 असे जे आकडे असतात ते ग्रेन या जुन्या वजनावरून आलेले आहेत. 77 ग्रेन म्हणजे जवळजवळ 5 ग्रॅम. गरम हवा विरळ असल्याने तीत शटल लांब जाते, म्हणून आपल्याकडे आणि मलेशियात कमी आकड्याचे, म्हणजे मंद शटल वापरतात, तर थंड प्रदेशात जास्त आकड्याचे. मलेशियात आपल्या हाताचा अंदाज फारसा बदलावा लागणार नाही. मात्र हॉल वातानुकूलित असेल तर वाऱ्याच्या झोताने शटल एका बाजूला सरकते, आणि पंखे बंद ठेवून खेळण्याची सवय असलेल्या खेळाडूचा पहिला दिवस त्याच्याशी जुळवून घेण्यात जातो.

दोघींनी प्रत्येकी दोन रॅकेट न्याव्यात, दोन्हींचे गटिंग (तारांची जाळी) सारख्याच ताणाचे असावे, आणि नवे बूट शिबिरात पहिल्यांदा घालू नयेत.

प्रश्न : शिबिरासाठी व्हिसा आणि विमा यांचे काय करावे? (ऐरोलीहून एक वाचक)

उत्तर : डेन्मार्क शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस आधी करता येतो; उन्हाळ्यात मुंबईत भेटीची वेळ मिळणे कठीण होते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच तयारीला लागावे. क्लबकडून शिबिराच्या तारखा, शुल्क आणि राहण्याची सोय नमूद केलेले निमंत्रणपत्र मागून घ्यावे. तेथील चलन युरो नसून क्रोन आहे, हे पैसे नेताना ध्यानात ठेवावे. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश दिला आहे, परंतु ही सवलत ठरावीक मुदतीची असल्याने तिकीट काढण्याच्या दिवशी ती पुन्हा तपासावी. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन-पत्रही भरावे लागते. पारपत्राची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. मात्र व्हिसापुरता विमा आणि शिबिरापुरता विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाच्या प्रशिक्षणात झालेली दुखापत पॉलिसीतून वगळलेली आहे का, हे वगळलेल्या बाबींच्या यादीत स्वतः वाचावे आणि शंका असल्यास विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्यावे. घोटा किंवा गुडघा मोडल्यास परदेशातील उपचारांचा आणि आडवे होऊन परत येण्याच्या विमान प्रवासाचा खर्च शिबिराच्या शुल्काच्या अनेक पट होऊ शकतो, म्हणून हे उत्तर हाती येईपर्यंत शिबिराचे पैसे भरू नयेत.