गॅस गिझर नुसताच टकटक करतो, पेटत नाही. काय बघावं?

आधी खालच्या डबीतले 2 मोठे सेल बदला. सेल उतरले की टकटक होते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही नवेच टाका, एक जुना एक नवा नको.

टकटकही होत नसेल तर पाण्याचा दाब बघा. पाण्याच्या जोरानं आतला रबरी पडदा ढकलला गेला तरच ठिणगी पडते. आमच्याकडं लातुरात बोअरचं पाणी जड. मागच्या महिन्यात सिलिंडर आणि पाणी बंद करून थंड पाण्याच्या तोंडाची जाळी काढली, तर पांढऱ्या क्षारानं पार बुजलेली! तासभर व्हिनेगरमध्ये बुडवली, जुन्या टूथब्रशनं घासली, गिझर पहिल्या झटक्यात पेटला. टाकी गिझरच्या जेमतेम वर असेल तर मात्र छोटा पंप लागतोच.

20 मिनिटांनी आपोआप बंद होत असेल तर तो बिघाड नव्हे, बऱ्याच गिझरमध्ये तसा टायमर असतो. ज्योत पिवळी दिसली तर वापर थांबवा, मेकॅनिक बोलवा. आणि गिझर बंद बाथरूममध्येच बसवलेला असेल तर हे सगळं राहू द्या, आधी तो बाहेर काढून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस कोसळतो.