वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतला शेरीफ

प्रश्न : मुंबईचे शेरीफ हे मानाचं पद. मग अमेरिकेत शेरीफची माणसं कमरेला पिस्तूल लावून कोर्टात काय करतात? पोलीस वेगळे नसतात का?

उत्तर : वेगळेच असतात. पोलीस शहराचे, शेरीफ काउंटीचा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा. बहुतेक राज्यांत शेरीफ मतदानाने निवडून येतो, सहसा ४ वर्षांसाठी. शहरांबाहेरची गस्त, काउंटीचा तुरुंग, समन्स-वॉरंट बजावणं आणि कोर्टाचा बंदोबस्त त्याच्याकडे. सगळीकडे सारखं नाही : पेनसिल्व्हेनियात त्याचा भर कोर्टाच्या कामावर, तर फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टांची सुरक्षा यू. एस. मार्शल या केंद्राच्या अधिकाऱ्यांकडे.

दारावरचं एक्स-रे यंत्र सगळ्यांना दिसतं. जोखमीचं काम मात्र आरोपीला कोठडीतून आणण्याचं. ज्युरीचं, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांचं, मत कलुषित होऊ नये म्हणून आरोपीला कैद्याच्या कपड्यांत बसवता येत नाही आणि खास कारण नसेल तर दिसतील अशा बेड्याही चालत नाहीत. म्हणजे कपडे बदलायला बेड्या काढाव्याच लागतात. ११ मार्च २००५ रोजी अटलांटाच्या फुल्टन काउंटी कोर्टात नेमक्या याच वेळी ब्रायन निकोल्स या आरोपीने सोबतच्या एकट्या डेप्युटीला (शेरीफच्या हाताखालची अधिकारी) जबर जखमी केलं, किल्ल्या घेतल्या, पेटीतलं तिचं पिस्तूल काढलं आणि न्यायाधीशांसह तिघांना कोर्टाच्या आवारात ठार केलं. कैद्याजवळ जाताना शस्त्र पेटीत ठेवायचं, हा नियम योग्यच. पण पेटीची किल्लीही तिच्याकडेच होती.

म्हणून बेड्या काढताना किमान दोघं हवेत, शस्त्राची पेटी कैद्याच्या वाटेपासून लांब हवी आणि कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर माणूस बसलेला हवा. काही ठिकाणी पँटच्या आत पायाला ब्रेस बांधतात : चालता येतं, पण पळायला गेलं की गुडघ्यात अडकतो. न्यायाधीश, कैदी आणि जनता यांच्या वाटा वेगळ्या असाव्यात; जुन्या इमारतींत त्या नसतात, मग कैद्याला साक्षीदारांच्याच कॉरिडॉरमधून न्यावं लागतं. तिथे डेप्युटी वाढवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : डेप्युटीने घरी येऊन समन्स दिलं, तर ती अटक का?

उत्तर : नाही. दिवाणी कागद असेल तर तो फक्त पोहोचवायला आलेला असतो. घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. बहुतेक ठिकाणी समोर ठेवला तरी बजावला गेला असं धरतात. उत्तराची मुदत समन्सवरच असते : कॅलिफोर्नियात साधारण ३० दिवस, न्यूयॉर्कमध्ये हातात दिलं असेल तर २०. ती चुकली की एकतर्फी निकाल लागू शकतो. ‘शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, ज्युरी ड्युटी चुकवलीत, गिफ्ट कार्डने दंड भरा’ असा फोन मात्र शंभर टक्के फसवणुकीचा. ठेवून द्या.